रोजच्या बाटलीतले तेल

“सदर सेविकेने, अधिकृत धर्मगुरू उपलब्ध नसताना, एका मरणासन्न गृहस्थाच्या कपाळास व हातांस तेल लावून आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाच्या पवित्र संस्काराचे सोंग केले, या कृत्यामुळे मृताच्या कुटुंबीयांची श्रद्धा दुखावली, आणि विचारणा केली असता तिने बेथानीच्या स्त्रीचा दाखला देऊन शास्त्रवचनाचा विपर्यास केला.”

हे वाक्य धर्मप्रांताच्या कार्यालयाचे आहे. त्याचे व्याकरण निर्दोष आहे. एवढे श्रेय दिल्यावर बाकीचे तपासून पाहू.

‘उपलब्ध नसताना’ हे शब्द वाचून कुणीही सज्जन माणूस असे समजेल की फादर दूरगावी गेले होते, तापाने फणफणले होते, किंवा दुसऱ्या एखाद्या मरणाऱ्याच्या उशाशी गुडघे टेकून बसले होते. वस्तुस्थिती अशी की ते त्याच आवारात होते. चर्चचा वृद्धाश्रम आणि चर्चचा हॉल यांच्यामध्ये फक्त एक फरसबंद अंगण आहे, आणि त्यात आश्रमाच्या धुतलेल्या चादरी वाळत घातलेल्या असतात. दोन्हीकडच्या खिडक्या त्याच अंगणावर उघडतात. त्या दुपारी फादर हॉलमध्ये महिला मंडळासमोर माईकवर बोलत होते, आणि त्यांचा शब्द न् शब्द चादरींवरून पलीकडे त्या मरणाऱ्या गृहस्थाच्या खोलीत ऐकू येत होता. व्याख्यानाचा विषय होता ‘बेथानीची स्त्री : शिष्यत्वाचा आदर्श’, म्हणजे येशूच्या मरणाआधी कुपी फोडून त्याच्या मस्तकावर सुगंधी तेल ओतणारी ती.

आता ‘कुटुंबीयांची श्रद्धा’. कुटुंब म्हणजे एक लेक. मुलगा परदेशी असतो. तो तेव्हा फोनवर होता आणि लेक कॉरिडॉरमध्ये उभी राहून त्याच्याशी बोलत होती. दाराच्या काचेतून तिला मावशी, म्हणजे अहवालातली ‘सदर सेविका’, वडिलांच्या कपाळाला तेल लावताना दिसली. दफनविधीनंतर, लोक हात मिळवून परतत असताना, तिने मावशीचे हात धरले आणि चारचौघांत सांगितले की तुम्ही तेल लावलंत, बाबांना फादर आल्यासारखंच वाटलं असेल. या वाक्याला आपल्याकडे कृतज्ञता म्हणतात. फादर तिथेच उभे होते. ते ऐकून चर्चच्या एका विश्वस्ताने त्यांच्याकडे मान वळवून पाहिले, आणि त्या पाहण्यात एक प्रश्न होता. तो प्रश्न तोंडावर येण्याआधीच फादरांनी अहवाल लिहून कार्यालयात पोचवला. लेकीचे वाक्य त्यात आहे. पहिले तीन शब्द ठेवले आहेत, उरलेले गाळले आहेत.

राहिला तिसरा मुद्दा, शास्त्रवचनाचा विपर्यास. तो माझ्याकडे आला, कारण मी धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीत नवा करार शिकवते. धर्मप्रांताचे कार्यालय चालवणाऱ्या चान्सलरसाहेबांनी फाईल पाठवली आणि सोबत दोन ओळी : कृपया केवळ तिसऱ्या मुद्द्यावर अभिप्राय द्यावा, पहिल्या दोहोंशी आपला संबंध नाही. सौजन्य हा त्या कार्यालयाचा स्थायीभाव आहे. कुणाला नरकात पाठवायचे असले तरी ते वर ‘कृपया’ लिहून पाठवतात. आरोप सिद्ध झाला तर मावशीला रविवारच्या उपासनेतले पवित्र भाकरीचे कम्युनियन बंद होणार होते. आश्रमातले काम जाणार होते. आणि ती आश्रमाच्या धुलाईघरामागच्या खोलीत राहत असल्यामुळे छप्परही जाणार होते. पण छप्पर हा काही धर्मशास्त्राचा विषय नव्हे, म्हणून त्याचा उल्लेख फाईलमध्ये नव्हता.

मी माझा संबंध नसलेल्या गोष्टींपासून सुरुवात केली आणि आश्रमात गेले.

मावशी पलंग बदलत होती. म्हणजे पलंगावरच्या म्हातारीला एका कुशीवर वळवून, अर्धी चादर गुंडाळून तिच्या पाठीशी सरकवायची, नवी चादर तितकीच अंथरायची, मग म्हातारीला त्या वळकटीवरून पलीकडच्या कुशीवर घ्यायचे आणि उरलेली ओढून काढायची. हे काम एरवी दोघींचे असते. ती ते एकटीने करीत होती आणि म्हातारीशी भांडतही होती, की काल तुम्ही बिस्किटं उशीखाली ठेवलीत, आता मुंग्यांना घेऊन झोपा. म्हातारी म्हणाली, मुंग्या तरी भेटायला येतात. सेविकेला सगळे मावशी म्हणतात, तिच्याहून वयाने मोठी माणसेसुद्धा. मी बसा म्हटले तर ती बसली नाही. स्टुलावर एक प्लास्टिकची बाटली होती, हाताळून हाताळून तिच्यावरचे लेबल पुसट झालेले. पाठ, टाचा, कोपर, जिथे जिथे हाड अंथरुणाला टेकते तिथे तिथे ती रोज तेल लावते. लावण्याआधी तळहातांत चोळून ऊन करून घेते. मी बाटली उचलून पाहिली. मावशीने ती माझ्या हातून काढून पुन्हा जागेवर ठेवली.

जो गेला तो बिशपांच्या गाडीचा ड्रायव्हर. त्याने एकामागून एक आलेल्या बिशपांना गावोगाव फिरवले होते, आणि मागच्या सीटवर जे जे बोलले गेले त्यातले काहीही पुढच्या सीटवर पोचले नाही अशी त्याची ख्याती होती. साखरेने डोळे गेले तेव्हा त्याला आश्रमात आणून ठेवले. मावशी सांगत होती की डोळे गेले तरी गाडी सुटली नव्हती. व्हीलचेअर ढकलायला लागलं की काकांचं चालू, डावीकडे घे, हॉर्न दे, वळणावर कशाला एवढी घाई करतेस, मागे बिशप बसलेत. मी म्हणायचे, मागे मी आहे काका, बिशप कुठले. तर म्हणायचे, मग तर आणखीच हळू.

सांगताना ती हसली आणि लगेच दुसऱ्या पलंगाकडे गेली. पुढचे मला तिच्या मागे फिरत फिरतच ऐकावे लागले. जेवणानंतर काकांचा श्वास बदलला. पाय गार पडले. अशी माणसे तिने इतकी पाहिली आहेत की डॉक्टरला बोलवायचे की फादरना, हे तिला पायांवरून कळते. तिने वॉचमनला हॉलवर धाडले. वॉचमनने निरोप मंडळाच्या अध्यक्षबाईंच्या कानात सांगितला. त्या म्हणाल्या, भाषण झाल्यावर सांगते. मग मावशी स्वतः गेली, तशीच, अ‍ॅप्रनसकट, तेलाच्या हातांनी. हॉलच्या दारात उभी राहिली. फादरनी तिला पाहिले आणि माईकवरूनच म्हणाले की या, या मावशी, बसा, हे तुमच्यासारख्यांसाठीच आहे. सगळ्या बायकांनी वळून पाहिले, आणि मागच्या रांगेतल्या एकीने शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून जागा केली.

“मग?” मी विचारले.

“मग काय, बसले. सगळ्या बघत होत्या ना. टेकले नाही तोच उठले, हात करून आश्रम दाखवला त्यांना, आणि पळत आले.”

एवढे सांगून ती खिडकीशी गेली, खिडकी लावली, परत उघडली. मग माझ्याकडे न बघता तिने तो प्रश्न विचारला, जो तिने त्या दिवशी मला तीन निरनिराळ्या पलंगांशेजारी तीनदा विचारला.

“ते लागलं का बाई त्यांना?”

मी सांगितले की ज्याला संस्काराची ओढ आहे आणि तो मिळू शकला नाही, त्याला देव रिकाम्या हाती परत पाठवत नाही. चर्चची शिकवण तशी आहे.

“म्हणजे लागलं.”

“संस्कार झाला असं नाही म्हणता येणार. पण—”

“आलं तुमचं पण,” ती म्हणाली. “तुम्हा शिकलेल्यांचं देवाशी बोलणंसुद्धा पणवर येऊन अडतं.” आणि मग खालच्या आवाजात, “माझं राहू द्या. मी त्यांच्यासाठी विचारतेय.”

मी तिला धीर दिला. तेल कुठले, कोणती प्रार्थना म्हटली, एवढेच मला हवे होते. तेल याच बाटलीतले. प्रार्थना कुठलीच म्हटली नाही. ओठ हलले असतील तर ‘आमच्या बापा’, रोजची प्रार्थना, एवढेच. मला हवे ते मिळाले होते. तिला हवे होते ते माझ्याजवळ नव्हते, म्हणून मी निघाले.

फादर माझे विद्यार्थी. मला अजून ‘बाई’ म्हणतात आणि मी खोलीत शिरले की उठून उभे राहतात. त्यांच्या टेबलावर व्याख्यानाची टिपणे होती. ती मी उलटून पाहिली, आणि त्यांत मला मीच भेटले. माझ्या वर्गातली वाक्ये, माझ्या क्रमाने, जवळजवळ माझ्याच विनोदांसकट. या स्त्रीने कुणाची परवानगी मागितली नाही, हे वाक्य त्यांनी लाल शाईने अधोरेखित केले होते.

त्यांनी आधी वॉचमनवर ढकलले, मग अध्यक्षबाईंवर. मग ‘काका गेले कित्येक महिने जातच होते हो बाई’, असे म्हणाले. हे खरे होते. मरणाऱ्या माणसाने फार वेळ घेतला की त्याच्यावरचा विश्वास उडतो, हा अनुभव सर्वांनाच आहे. मी विचारले की मावशीने हात करून दाखवले ते तुम्हाला कळले का. ते बराच वेळ पेनाचे टोपण काढत-घालत राहिले.

“कळलं.”

“मग?”

“बाई, मी नेमका तिथे आलो होतो. तिथेच तर ती कुपी फुटते. सगळा हॉल शांत झाला होता. तिथे कसं थांबणार?”

ते वाईट गृहस्थ नाहीत. असते तर राग मानणे सोपे गेले असते. ते कुपी फुटेपर्यंत थांबले, मग तिचा सुगंध घरभर पसरेपर्यंत थांबले, मग आभारप्रदर्शन, मग चहा. चहाच्या वेळी अध्यक्षबाईंना निरोप आठवला. ते चादरी बाजूला सारत अंगणातून धावत गेले, हेही मला त्यांनीच सांगितले, जणू धावण्याला काही गुण मिळणार होते. खोलीत लेक रडत होती आणि मावशी काकांचे डोळे मिटत होती. तुम्ही अहवालात उपलब्ध नसताना असे का लिहिले, हे मी विचारले नाही. त्यांनीच सांगितले की चान्सलरसाहेबांनी तो शब्द सुचवला.

मी घरी येऊन अभिप्राय लिहायला घेतला. लिहिताना बसवत नव्हते. दोन परिच्छेद झाले की उठत होते, खोलीत येरझारा घालत होते, पुन्हा येऊन आधीचा परिच्छेद खोडत होते. ग्रंथ सगळे टेबलावर होते आणि त्यांतल्या एकाही ग्रंथकाराने कधी कुणाच्या टाचेला तेल लावल्याचा पुरावा नव्हता. माझाही नव्हता.

मार्कच्या शुभवर्तमानातली ती स्त्री निनावी आहे. योहान आपल्या शुभवर्तमानात तिला नाव देतो, लूक वेगळ्याच घरातली वेगळीच गोष्ट सांगतो, आणि सहाव्या शतकात एका पोपने या सगळ्या जणींना एकत्र कालवून मग्दाला गावच्या मरियेच्या नावावर जमा केले, वर पापिणीचा शिक्का मारला. तो पुसायला चर्चला चौदाशे वर्षे लागली. म्हणजे जिच्याविषयी प्रभूने स्वतः सांगितले की जगात जिथे जिथे शुभवर्तमान सांगितले जाईल तिथे तिथे हिची आठवण काढली जाईल, तिची आठवण आपण अशी काढली की ती कोण हेच विसरलो. मार्कमध्ये ती एक शब्द बोलत नाही. येते, कुपी फोडते, त्याच्या मस्तकावर ओतते. बोलतात ते पुरुष. केवढी ही उधळपट्टी, मजुराची वर्षभराची कमाई मातीत गेली, गरिबांना दिली असती तर. गरिबांची आठवण लोकांना नेमकी दुसऱ्याच्या हातात काही दिसल्यावर येते.

शिष्यत्व म्हणजे काय, हा प्रश्न मार्क आधीच विचारून बसला आहे. वाटेत येशूने आपल्या बारा शिष्यांना पुन्हा पुन्हा सांगितले की मी मरायला चाललो आहे. पहिल्यांदा सांगितले तेव्हा पेत्राने त्याला बाजूला घेऊन दटावले. दुसऱ्यांदा सांगितले तेव्हा आपल्यात मोठा कोण यावर त्यांचा वाद चालू होता. तिसऱ्यांदा सांगितले तेव्हा दोघा भावांनी सिंहासनाशेजारच्या जागा राखून ठेवायची विनंती केली. एकालाही ते वाक्य साधे, खरे, माणसाच्या मरणाचे वाक्य म्हणून ऐकू आले नाही. या बाईला आले. तिने त्यावर चर्चा केली नाही. माणूस मरणार आहे, मग त्याच्या अंगाला तेल लागले पाहिजे, एवढेच तिला समजले, आणि शिष्यत्वाची याहून नेमकी व्याख्या मला आजवर कुठे सापडलेली नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी मी वर्गात सांगते आणि जी फादरांच्या टिपणात नव्हती. मार्कच्या कथेत येशूला पुरताना कुणी तेल लावत नाही. घाई होती, शब्बाथ, म्हणजे सर्व काम वर्ज्य असलेला दिवस, लागत होता. ज्या स्त्रिया रीतसर वेळ पाळून, सुगंधी द्रव्ये विकत घेऊन, पहाटे कबरेशी जातात, त्यांना आत देह सापडत नाही. त्या देहाला वेळेवर लागलेले तेल एकच, हिने आधीच ओतलेले. जे योग्य वेळेची वाट पाहत राहिले त्यांच्यासाठी योग्य वेळ राहिलीच नव्हती.

म्हणून, असे मी लिहिले, मावशीने दिलेला दाखला विपर्यास नसून त्या दुपारी त्या आवारात झालेले शास्त्रवचनाचे एकमेव अचूक वाचन आहे. यापुढे मी थांबले असते तर बरे. पण मला तिला सोडवायचे होते आणि पहिल्या मुद्द्यावरही माझे म्हणणे त्यांच्या घशाखाली उतरवायचे होते. तेव्हा मी असेही लिहिले की सोंग ठरायला तीन गोष्टी लागतात. संस्काराचे आशीर्वादित तेल, संस्काराचे शब्द, आणि संस्कार होत आहे असा कुणाचा तरी करून दिलेला समज. इथे तेल रोजचे, शब्द नाहीत, आणि कुणाचीही फसवणूक झालेली नाही. फसवणूक नाही, म्हणून सोंग नाही. हे वाक्य मला इतके आवडले की मी ते वेगळ्या ओळीवर घेतले.

चौकशी कार्यालयातल्या लांब खोलीत झाली. काचेचे टेबल, भिंतीला लावलेली लोखंडी कपाटे, कोपऱ्यात संगणकाशी बसलेली टायपिस्ट. चान्सलरसाहेब नेहमीप्रमाणे मृदू होते. माझा अभिप्राय त्यांना पचला नव्हता, पण उपयोगी पडणार होता. प्रकरण मिटले तर अंगण, माईक आणि चहा हे विषयही मिटणार होते. मावशीला खुर्ची दिली. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभीच राहिली. अ‍ॅप्रनशिवाय मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. फादर आपल्या गुडघ्यांकडे बघत होते.

चान्सलरसाहेबांनी तिला समजावून सांगितले की बाईंनी तुमच्या बाजूने फार चांगलं लिहिलंय. तेल साधं होतं, संस्काराचे शब्द तुम्ही उच्चारले नाहीत आणि कुणाचा गैरसमज करून दिला नाहीत. या तिन्ही गोष्टींना हो म्हणालात की आपण सगळे उठू. तुम्ही तुमच्या कामाला, आम्ही आमच्या.

मी तिच्याकडे पाहून मान हलवली. म्हण हो, अशा अर्थाने. आयुष्यात प्रथमच माझी आणि त्या कार्यालयाची इच्छा एक झाली होती, आणि त्यातच मला काय ते उमजायला हवे होते.

मावशी म्हणाली की दोन गोष्टींना हो.

टायपिस्टचे हात थांबले. चान्सलरसाहेब म्हणाले की तुम्ही थकला आहात, विचार करून सांगा. ती म्हणाली की तेव्हापासून तेवढंच करतेय. मग ती बोलली, आणि बोलून झाल्यावर टायपिस्टला ते वाचून दाखवायला लावले. तिने ‘मृत व्यक्ती’ लिहिले होते. मावशीने ते काढून काका करायला सांगितले. चान्सलरसाहेबांनी सुचवले की बाईमाणूस भावनेच्या भरात आहे, आपण गोषवारा ठेवू. मी म्हणाले की गोषवारा ठेवलात तर मी जबाब म्हणून दाखवीन, आणि मला तो तोंडपाठ आहे. तेव्हा तो जसाच्या तसा नोंदवला गेला.

निकाल लागायला वेळ लागला नाही. ज्याला पापमुक्तीचा अधिकार नाही त्याने पापनिवेदन ऐकणे हा तेल लावण्याहून कितीतरी मोठा अपराध आहे, आणि त्याला शिक्षा द्यावी लागत नाही, ती केल्याक्षणीच लागू होते. कार्यालयाने फक्त तसे जाहीर केले. मावशीला कम्युनियन बंद आहे. आश्रमाने तिला कामावरून काढले. आता तिच्या पलंगांच्या कामावर दोन मुली आहेत, पगारी, प्रमाणपत्र असलेल्या. त्या चादर दोघींनी मिळून बदलतात. काकांच्या लेकीने तिला आपल्या घरी नेले आहे. रविवारी ती मिस्सेला येते, मधल्या रांगेत बसते, आणि कम्युनियनसाठी रांग उठली की गुडघे एका बाजूला वळवून सगळ्यांना जायला वाट करून देते. येतानाही देते. तिच्या शेजारून जाताना काही जण तिच्या खांद्याला हात लावतात. फादर त्या वेळी वेदीवर असतात आणि त्यांना ते दिसते. त्यांच्या व्याख्यानाची पुस्तिका निघणार आहे असे कळते.

जाहीर झालेल्या निकालात हॉलचा उल्लेख नाही. जबाबाचाही फक्त सारांश आहे : ‘आरोपीने गुन्हा कबूल केला.’ केला, हे खरे आहे. माझ्या अभिप्रायातले मला आवडलेले वाक्य खोटे होते आणि कार्यालयाच्या वाक्यातला ‘सोंग’ हा एक शब्द खरा निघाला, हेही मी इथे मान्य करते; मला ते जड जाते आहे. पण गुन्हा कसा कबूल केला, हे ज्यांना तिच्या शेजारून कम्युनियनला जायचे आहे त्यांना माहीत असले पाहिजे. तिचा जबाब असा :

“तेल रोजच्याच बाटलीतलं. बोललेही काही नाही. पण फसवलं मी. मी हॉलमधून परत आले तेव्हा माईक चालूच होता, खिडकीतून फादरांचा आवाज येत होता. काकांना दिसत नव्हतं. आवाज ऐकून त्यांना वाटलं, जवळच आहेत. म्हणाले, आले का फादर? मी म्हणाले, आले. तेवढा एकच शब्द बोलले, तोही तोंड फिरवून. मग कपाळाला तेल लावलं, हातांना लावलं, आणि गप्प बसले, कारण बोलले असते तर त्यांनी मला ओळखलं असतं. तर ते पापं सांगायला लागले. मला वाटलं थांबवावं. श्वास इतका थोडा उरला होता की थांबवलं असतं तर तो त्यातच गेला असता. म्हणून ऐकून घेतलं, सगळं. सांगून झाल्यावर ते वाट बघत राहिले. माफ केलं म्हणायचं असतं तिथे, ते मला माहीत आहे. मी नाही म्हटलं. ते माझं नाही. मी नुसता त्यांचा हात दाबून धरला. त्यांनी काय समजायचं ते समजले आणि गेले. बरोबर केलं का, मला माहीत नाही. बाईंना विचारलं, त्यांनाही माहीत नाही. परत तशीच वेळ आली तर काय करीन तेही मला सांगता येत नाही, आणि आता नाही करणार असं लिहून देणार नाही. काका काय बोलले ते मी कुणाला सांगितलेलं नाही, त्यांच्या लेकीलाही नाही. तुम्ही विचारताय, तर तुम्हालाही नाही.”